पोस्टमनचा तो प्रसंग ओढूनताणून आणलेला नाही

संपादक महोदय, स. न.

रविवारच्या पुरवणीतला पोस्टमनवरच्या चित्रपटांचा लेख वाचला. १९९९ च्या 'पोस्टमेन इन द माउंटन्स' या चिनी चित्रपटातला पोस्टमन आंधळ्या म्हातारीला कोऱ्या कागदावरून नातवाचं पत्र वाचून दाखवतो. हा प्रसंग लेखकानं 'ओढूनताणून आणलेला' ठरवला आहे. मला राग आला आणि तो आजही उतरलेला नाही.

१९८२ साली मी पाचवीत होतो. आमचं गाव बेळगावकडच्या खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या पलीकडे. धाकटा काका मुंबईत गिरणीत. १८ जानेवारीला संप सुरू झाला, काकाची मनीऑर्डर थांबली आणि मग पत्रही. आजीला अक्षरओळख नव्हती. मनीऑर्डर आली की ती अंगठा उठवायची आणि कुपनावरच्या काकाच्या दोन ओळी पोस्टमनकाकांकडून तीन-तीनदा वाचून घ्यायची. आता उंबऱ्यात बसून रोज एकच विचारायची, "माझ्या पोराचं काय आलंय काय रे?" श्रावणातल्या एका भर पावसात पोस्टमनकाका छत्री मिटून पडवीत टेकले, पिशवीतून कागद काढला आणि वाचू लागले. तब्येत बरी आहे, पैशाची अडचण आहे, काळजी करू नको, दिवाळीला येतो. मी त्यांच्या पाठीमागं उभा होतो. त्यांच्या हातात कानडीत छापलेला कसलातरी फॉर्म होता! त्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं आणि पुढं वाचत राहिले. आजीनं कागद मागितला तर म्हणाले, "भिजलाय आज्जी, वाळवून देतो." त्या रात्री आजी पोटभर जेवली. काका दिवाळीला आला नाही, पुढच्या वर्षी आला.

निरक्षर वस्तीत पोस्टमनला काम नसतं, असंही लेखात आहे. आधार 'इल पोस्तिनो' या इटालियन चित्रपटाचा (१९९४), कारण तिथं बेटावरचे बहुतेक निरक्षर, म्हणून पोस्टमन एकट्या कवी पाब्लो नेरूदांचंच टपाल पोचवतो. त्या बेटावर तसं असेल. आमच्याकडं वाचता न येणाऱ्या घरातच पोस्टमनचा अर्धा तास जायचा. आलेलं वाचायचं, उत्तर लिहून घ्यायचं, आणि रडणाऱ्या सुनेला काय लिहू नये हेही सांगायचं.

इटली झाली, चीन झाला, पण शंकर नाग यांच्या 'मालगुडी डेज' या मालिकेतला थानप्पा लेखात नाही. ठरलेलं लग्न मोडू नये म्हणून आजाराचं कार्ड आणि मृत्यूची तार स्वतःजवळ दडवून ठेवणारा हा पोस्टमन आर. के. नारायण यांनी लिहिला आणि तो आमच्याच कर्नाटकात, आगुंबेत चित्रित झाला. मालिका म्हणून वगळला असेल, तर एका ओळीत तसं सांगायला हवं होतं.

जाता जाता, रविवारची पुरवणी आमच्या गावात सोमवारी दुपारी हातात पडते. वर्षाची वर्गणी आगाऊ भरली आहे. ती रविवारीच मिळेल, अशी व्यवस्था करावी.

एक वाचक, ता. खानापूर, जि. बेळगाव