खरे-खोटे नंतर ठरवा, आधी वेग आवरा

महोदय,

19 नोव्हेंबर 2024 ची रात्र. जाहीर प्रचार संपलेला, दुसऱ्या दिवशी सकाळी सातला विधानसभेच्या 288 जागांसाठी मतदान सुरू व्हायचे होते. अशा वेळी सुप्रिया सुळे आणि नाना पटोले यांचे आवाज असल्याचे सांगत बिटकॉइन या आभासी चलनाच्या व्यवहाराच्या ध्वनिफिती फोनवर येऊन आदळू लागल्या. दोघांनी इन्कार केला, सुळे यांनी निवडणूक आयोगाकडे आणि सायबर पोलिसांकडे तक्रार केली, काही फिती कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवल्यासारख्या दिसतात असे पडताळणी करणाऱ्यांनी सांगितले. पण पडताळणी वाचून मतदानाला जाणारे किती? उद्या त्या जागी दुसऱ्या पक्षाचा नेता असेल, म्हणून पक्ष बाजूला ठेवून यंत्रणेकडे पाहू.

त्या रात्री सामान्य मतदाराने तक्रार करायची कुठे? आचारसंहिताभंगाच्या तक्रारींसाठी असलेल्या आयोगाच्या सी-व्हिजिल ॲपमध्ये जागेवरच काढलेला फोटो किंवा चित्रफीत लागते, व्हॉट्सॲपवरून उतरवलेली फाइल तिथे चढत नाही. व्हॉट्सॲपसारख्या कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला 2021 च्या मूळ माहिती तंत्रज्ञान (आयटी) नियमांनी पोच द्यायला 24 तास आणि निकालाला 15 दिवस दिले होते. आयोग आणि कंपन्यांनी 2019 मध्ये स्वेच्छेने आचारसंहिता ठरवली, तिच्यात तीन तासांची मुदत आहे; पण ती लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 126 च्या, म्हणजे मतदानाआधीच्या 48 तासांतल्या प्रचारबंदीच्या उल्लंघनापुरती, आणि घड्याळ सुरू होते ते आयोगाने कळवल्यावर. मुदती कितीही कमी केल्या तरी तक्रार ही फीत पसरल्यानंतरच होणार. त्यामुळे ‘किती तासांत काढले’ या प्रश्नाभोवतीच घुटमळण्यात फारसा अर्थ नाही.

खरा मुद्दा पसरण्याच्या वेगाचा आहे, आणि त्याला लगाम व्हॉट्सॲप कंपनीकडे तयार आहे. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणारी टोळी समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारले. त्या काळात देशभर फिरणाऱ्या फितींपैकी एक तर कराचीतल्या बालसुरक्षेच्या जाहिरातीची होती, मूल परत आणून सोडल्याचा शेवट कापून टाकलेली. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतापुरती फॉरवर्डची मर्यादा पाच चॅटवर आणायचे जाहीर केले आणि चित्र-फितीशेजारचे झटपट फॉरवर्डचे बटण काढले. एप्रिल 2020 मध्ये दुहेरी बाणाचा, म्हणजे पाच किंवा अधिक हातांतून आलेला संदेश एका वेळी एकाच चॅटला जाईल असे केले. अशा संदेशांचा प्रसार 70 टक्क्यांनी घटल्याचे कंपनीनेच सांगितले. यातला एकही संदेश कंपनीने वाचला नव्हता. मोजणी फोनमधले ॲपच करते. ‘एन्क्रिप्शनमुळे, म्हणजे संदेश पाठवणारा आणि घेणारा यांनाच वाचता येत असल्यामुळे, आमचे हात बांधले आहेत’ हे कारण म्हणूनच अर्धेच खरे आहे.

या लगामात भोके आहेत. मर्यादा ‘एका वेळी’ची आहे, पाच चॅटना पाठवून झाले की पुन्हा पाच निवडता येतात. ग्रुपमध्ये 1024 माणसे मावतात, म्हणजे पाच भरलेल्या ग्रुपवर नवी फीत टाकली की एका झटक्यात 5120 फोन. आणि मोठे भोक म्हणजे फाइल फोनमध्ये सेव्ह करून नव्याने चढवली की बाणही जातो आणि मोजणीही शून्यावर येते. प्रचाराची मोबाइल यंत्रणा सांभाळणाऱ्या पोरांना हे पाठ असते.

तेव्हा मागणी साधी आहे. मतदानाआधीच्या 48 तासांत त्या राज्यात कोणताही फॉरवर्ड एका वेळी एकाच चॅटला जावा, दोन फॉरवर्डमध्ये सक्तीचा थोडा विराम असावा. देशापुरता नियम लावता येतो हे 2018 मध्ये दिसलेच आहे. मजकूर कोणत्या पक्षाचा, खरा की खोटा, हे यात कोणी ठरवत नाही. केंद्र सरकारविषयीचा मजकूर खरा की खोटा हे ठरवण्याचा अधिकार सरकारी फॅक्ट-चेक युनिटला, म्हणजे पडताळणी पथकाला, देणारी आयटी नियमांतली दुरुस्ती मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर 2024 मध्ये रद्द केली, ते योग्यच झाले. ‘पहिला पाठवणारा शोधा’ या नियमावरही आमचा भरवसा नाही. तो सापडेपर्यंत दंगल होऊन गेलेली असते, आणि नव्याने चढवलेल्या फाइलचा ‘पहिला’ एखादा भाबडा काकाही निघू शकतो.

व्हॉट्सॲप चॅनेल, फेसबुक, यूट्यूब यांना तर एंड-टू-एंड एन्क्रिप्शनची सबबही नाही. तरी फेसबुक आणि व्हॉट्सॲपची मालक कंपनी मेटाच्या धोरणात राजकीय नेत्याने स्वतः केलेले विधान बाहेरच्या पडताळणीतून वगळलेले आहे, म्हणजे ज्याचे बोलणे सर्वांत लांब जाते त्यालाच सूट! कुठली पोस्ट किती पसरली हे पत्रकारांना दाखवणारे क्राउडटँगल हे साधन मेटाने 14 ऑगस्ट 2024 रोजी बंद केले, आपल्या विधानसभेच्या तीन महिने आधी.

आता भाषा. ‘उद्या चौकात त्याचा कार्यक्रम करायचा’ हे वाक्य यंत्राला निमंत्रण वाटेल, मराठी माणसाला त्यातली धमकी लगेच कळेल. ‘पाहुणचार करू’, ‘प्रसाद देऊ’ यांचेही तेच. कंपन्या दरमहा भारतासाठी अहवाल काढतात, त्यात किती मजकूर काढला याचे आकडे असतात. मराठी वाचणारी माणसे किती, ती कोणत्या पाळीत असतात, हे नसते. निवडणूक आयोगाने पुढच्या बैठकीत कंपन्यांकडून एवढा एक आकडा लेखी घ्यावा: मतदानाच्या आदल्या रात्री दहा ते सकाळी सात या वेळेत मराठी जाणणारे किती जण कामावर असतील?

– एक वाचक, धुळे