आई-बाबांना पत्र: मुंबई की पुणं

डोंबिवली

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर बाबा म्हणाले, "आमच्याकडं बघून पुणं धरू नकोस." आई, तूही मागून तेच म्हणालीस. तेव्हा मला नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहायला बसले.

एम.एस्सी. फिजिक्सला दोन्हीकडे नंबर लागलाय. मुंबईचा मोह आहेच. चार वर्षं इथं क्लासमध्ये शिकवतेय, मावशीचं घर आहे, कुर्ल्याला उतरलं की विद्यापीठाचं कालिना आवार जवळ. विद्यापीठ १८५७ चं. राजाबाई टॉवरखालून जाताना अजूनही मान आपोआप वर जाते. शिवाय खोलीभाडं नाही, संध्याकाळच्या दोन बॅच चालू ठेवता येतील. बाबा, हा हिशेब तुम्ही वहीच्या मागच्या पानावर कधीच मांडला असणार.

पण गेल्या आठवड्यात पुण्याला जाऊन आले. गणेशखिंडीचं ते चारशे एकरांचं आवार, वडाची झाडं, जयकर ग्रंथालय, सगळं बघितलं. तिथल्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या चौकात आर्यभट आणि गॅलिलिओ, न्यूटन आणि आइन्स्टाइन यांचे पुतळे आहेत, तिथं थोडा वेळ बसले. आणि मग त्याच आवारात एनसीआरएची, म्हणजे रेडिओ खगोलशास्त्राच्या केंद्राची, पाटी दिसली. खोडदची आपली रेडिओ दुर्बीण चालवतात ते हेच लोक. केंद्र मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेचं, पण आहे पुणे विद्यापीठात. मी पाटीसमोर उभी राहिले आणि बाबा, मला एकदम तुमची एम-८० गाडी आठवली.

मी सहावीत होते. २८ फेब्रुवारी, विज्ञान दिन. तुम्ही टोमॅटोचं पाणी अर्धवट सोडून मला दुर्बीण बघायला नेलंत. ४५ मीटर व्यासाची ती डिश बघून मी गप्पच झाले. तुम्ही मात्र तिथल्या साहेबांना सरळ विचारलंत, "पावसाचं पाणी यात साठत नाही का?" ते हसले नाहीत. म्हणाले, "ही जाळी आहे. पाणी खाली जातं, वाराही आरपार जातो, म्हणून एवढी मोठी असून वादळात टिकते." तुम्ही मान डोलावलीत आणि म्हणालात, "आपल्या शेडनेटसारखं."

येताना म्हणाला होतात, "हे लोक ऐकतात काय, ते मोठी झालीस की मला समजावून सांग." अशा ३० डिश आहेत, १४ जवळजवळ आणि बाकीच्या तीन दिशांना पांगलेल्या. त्या हायड्रोजनच्या २१ सेंटीमीटरच्या लहरी टिपतात, एवढं आज सांगता येईल. त्यापुढचं मलाच शिकायचंय, आणि जिथं ते काम चालतं त्याच्या शेजारच्या वर्गात बसून शिकायचंय. विद्यापीठं दोन्ही मोठी आहेत. मला माझा विभाग आणि त्याचा शेजार बघायचा होता.

तुमच्याकडं बघून ठरवलंच नाही म्हटलं, तर तेही खोटं होईल. बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा पावसात माळशेज घाट चढताना दर वळणावर दरडीची भीती वाटत होती. पुण्याहून एसटीनं दोन-अडीच तासांत घरी. आईचे गुडघे दुखतात तेव्हा हे दोन तास मला हवेत. एवढं तुम्ही मला घेऊ द्या.

आई, माझी दहावीची मूळ मार्कशीट लोखंडी कपाटात, सातबाऱ्याच्या फायलीत आहे. काढून ठेव. शनिवारी येते.

तुमची,
ताई