नॉन-बीटी बियाणे उशिरा फुलल्याची तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग, बियाणे कंपनी

विषय : आश्रय ओळींसाठी दिलेले बियाणे सदोष असल्याबाबत

महोदय,

तुमच्या दोन जीन्सच्या बीटी कपाशीची, म्हणजे अळी मारणारी दोन प्रथिने झाडातच बनवणाऱ्या कपाशीची, मी यंदा लागवड केली. सोबतचे नॉन-बीटी, म्हणजे ही प्रथिने नसलेले, बियाणेही सांगितल्याप्रमाणे आश्रय ओळी म्हणून शेताच्या चारी कडांना लावले. बरेच जण ते टाकून देतात. मी एक ओळही चुकवली नाही. पण आतल्या झाडांना पात्या-फुले लागली तेव्हा कडेच्या ओळी नुसत्या पानांवर होत्या. त्या तीन आठवडे उशिरा फुलल्या. तोवर आत डोमकळ्या, म्हणजे अळी शिरल्याने न उमललेली फुले, दिसू लागल्या होत्या. आता बोंड फोडले की गुलाबी अळी निघते, सरकी पोखरलेली, रुई डागाळलेली.

अळी आली म्हणून मी तुम्हाला दोष देत नाही. तिला रोखणाऱ्या ओळींचे काम तुमच्याच बियाण्याने होऊ दिले नाही, ही माझी तक्रार आहे.

बीटीचे प्रथिन अळीच्या आतड्यात ठरावीक जागी चिकटले तरच ती मरते. क्वचित एखाद्या अळीत ती जागाच बदललेली असते, ती वाचते. अशा दोघांचे मीलन झाले की त्यांची पिल्ले बीटी खाऊनही जगतात. नॉन-बीटी ओळींतले साधे पतंग त्याच दिवसांत उडत असतील, तर वाचलेल्यांची जोडी त्यांच्याशी जुळते आणि बहुतेक पिल्ले बीटीवर मरतात. पतंग जगतो मोजके दिवस. तीन आठवडे मागे राहिलेल्या ओळींचा मग काय उपयोग?

हिरव्या बोंडअळीला तूर, हरभरा चालतो, त्यामुळे तिचे साधे पतंग तिथेही वाढतात. गुलाबी अळी जवळजवळ कपाशीवरच जगते, म्हणून तिच्यासाठी या ओळीच सर्व काही. अमेरिकेत ॲरिझोनात १९९६ पासून बीटी कपाशी होती, आश्रय क्षेत्र पाळले गेले आणि ही अळी वर्षानुवर्षे बीटीला बळी पडत राहिली. गुजरातमध्ये २००९ मध्येच ती एका जीनच्या कपाशीवर जगताना आढळली, पुढे दोन जीन्सही तिने पचवले. हे तुमच्या शास्त्रज्ञांना माझ्याहून चांगले ठाऊक आहे, म्हणूनच जास्त चीड येते.

माझ्या मागण्या : शेवटच्या वेचणीपूर्वी तुमच्या तज्ज्ञाने शेतात येऊन बीटी आणि नॉन-बीटी दोन्ही झाडांची पाहणी करावी. बियाण्याची पूर्ण किंमत परत मिळावी. पुढच्या हंगामापासून नॉन-बीटी बियाणे त्याच वाणाचे, त्याच कालावधीचे द्यावे आणि फुलोऱ्याचे दिवस पिशवीवर छापावेत. पावती, दोन्ही रिकाम्या पिशव्या आणि लागवडीपासूनचे तारीखवार फोटो माझ्याकडे आहेत. प्रती सोबत जोडल्या आहेत.

आपला,
एक कापूस उत्पादक ग्राहक