माइंडफुलनेसचा तास, तोही नाइट ड्युटीनंतर

संपादकसाहेब, नमस्कार.

मी बीएस्सी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, डिचोलीहून बसने जाऊन-येऊन करते. आमच्याकडे गेल्या महिन्यात माइंडफुलनेसचं, म्हणजे आत्ता जे चाललंय त्यावरच मन ठेवायच्या सरावाचं, सेशन ठेवलं, आमचा स्ट्रेस कमी व्हावा म्हणून, आणि ठेवलं कधी तर नाइट सुटल्यावर सकाळी साडेनऊला. हजेरी सक्तीची. डोळे मिटा म्हटल्यावर दुसऱ्याच मिनिटाला माझ्या बाजूची घोरायला लागली, सगळे हसले, मॅडम पण हसल्या, मला काय हसू आलं नाही कारण माझं लॉगबुक भरायचं राहिलं होतं आणि डोळे मिटले तर मीही गेलेच असते. शेवटी ग्रुप फोटो.

आता मी याच्या विरोधात आहे असं कोणी समजू नये, उलट मला उपयोग झालाय म्हणूनच लिहितेय. पहिल्यांदा आयसीयूत पोस्टिंग लागलं तेव्हा मॉनिटर वाजला की माझे हात थरथरायचे, घरी आल्यावरसुद्धा कानात तेच बीप बीप, एकदा तर पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा ऐकून अंथरुणातून उठून उभी राहिले. तेव्हा एका सिनियर सिस्टरने सांगितलं, हात धुताना फक्त हात धू. साबणपाण्याने नीट हात धुवायला डब्ल्यूएचओच्या पद्धतीने 40 ते 60 सेकंद लागतात, तेवढा वेळ तरी कोणी आपल्यावर ओरडू शकत नाही! पाणी गार आहे, बेचक्यात फेस आहे, अंगठा राहिला, एवढंच बघायचं. मन पळतंच, पळालं की परत नळाखाली आणायचं. ड्युटीत कितीदा हात धुतो ते मोजा, तेवढ्या वेळा प्रॅक्टिस फुकटात.

जॉन कबाट-झिन यांनी 1979 साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या मेडिकल स्कूलमध्ये जो कोर्स सुरू केला आणि ज्यामुळे हे सगळं हॉस्पिटलांत आलं, तो 8 आठवड्यांचा आहे, वर घरी रोजचा सराव वेगळा. इगतपुरीच्या 10 दिवसांच्या विपश्यना शिबिरात पहिले तीन दिवस नुसता श्वास बघण्यात जातात. आपण दीड तासात उरकतो, चहा-सामोसा धरून.

आणि झोपच नसेल तर श्वास बघणार कोण? रेसिडेंट डॉक्टरांसाठी केंद्राने 1992 सालीच लिहून ठेवलंय, साधारण आठवड्याला 48 तास, सलग 12 तासांच्या वर नको. कुठल्याही रेसिडेंटला हे वाचून दाखवा आणि त्याचं तोंड बघा. आम्हा नर्सिंगवाल्यांचं तर विचारूच नका.

सेशन ठेवा, पण ड्युटीच्या वेळेत ठेवा, हँडओव्हरच्या आधी दहा मिनिटं दिली तरी चालतील, आणि हजेरीचा कागद फिरवू नका. ज्यांचं एवढ्याने भागत नाही त्यांच्यासाठी टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर चेंजिंग रूममध्ये मोठ्या अक्षरांत लावा, प्रिन्सिपलच्या केबिनबाहेर नको, तिथे उभं राहून कोण लिहून घेणार.

पुढचं सेशन पंधरा दिवसांनी आहे. परत नाइटनंतरच. आम्ही सहा जणींनी वेळ बदला म्हणून अर्ज दिलाय, अजून सही झालेली नाही.

— नर्सिंगची एक विद्यार्थिनी, डिचोली