होडी कधी वर घ्यायची?

सांगली

प्रिय सुहास,

तुझं पत्र मिळालं. 'वादळ कुठे जाणार ते नीट सांगतात, मग किती मोठं होणार ते का नाही?' हा तुझा राग मला पटतो. हर्णै बंदरात होडी असलेल्या माणसाने चिडायलाच हवं. इकडे तासगावचे द्राक्षवालेही ऑक्टोबर छाटणीनंतर अरबी समुद्राच्या नकाशाला डोळे लावून बसतात. फुलोऱ्यात पाऊस लागला की डाऊनी, म्हणजे द्राक्षावरचा बुरशीरोग, आलाच.

वादळाला ढकलतात ते भोवतालचे मोठे वारे. ते शेकडो किलोमीटर पसरलेले असतात, म्हणून संगणकाला सापडतात. जोर मात्र वादळाच्या डोळ्याभोवतीच्या, म्हणजे मधल्या शांत भागाभोवतीच्या, ढगांच्या भिंतीत ठरतो आणि तिथलं मोजमाप मिळणं महाकठीण. अमेरिकेची विमानं थेट वादळात शिरतात. आपली बरीचशी भिस्त उपग्रहाच्या चित्रांवर.

वारा 24 तासांत ताशी साधारण 55 किलोमीटरने वाढला, तर वादळ झपाट्याने तीव्र झालं असं धरतात. ऑक्टोबर 2023 मध्ये मेक्सिकोत 'ओटिस'ने तर कहर केला. साधं वादळ एका दिवसात पाचव्या, म्हणजे सर्वांत वरच्या श्रेणीचं होऊन अकापुल्कोवर आदळलं. अंदाज बांधणारी बहुतेक संगणकी मॉडेलं सपशेल तोंडावर आपटली.

पाणी नुसतं वरवर तापून भागत नाही. वादळ समुद्र घुसळतं, खालचं गार पाणी वर येतं आणि त्याचीच ताकद कमी होते. ऊब खोलवर असली तर मात्र घुसळूनही गरम पाणीच मिळत राहतं. शिवाय खालच्या आणि वरच्या वाऱ्यांत फार तफावत नको, नाहीतर वादळ कलतं, विस्कटतं. जुलै-ऑगस्टात अरबी समुद्रात वादळं जवळपास होत नाहीत ती यामुळेच. मान्सूनच्या वाऱ्यांत ही तफावत फार. मे महिन्यात ती कमी आणि पाणी तापलेलं. 2021 चं 'तौक्ते' मे महिन्यातलंच, हे तुला मी काय सांगू!

या गोष्टी मोजून झपाट्याने वाढण्याची शक्यता टक्क्यांत काढता येते. माझं म्हणणं, ते आकडे बंदरावर फळ्यावर लिहावेत. वीस टक्के ऐकून लोक हसतील, हसू देत. होडीच्या किमतीपुढे वीस टक्के कमी नाहीत. तू तरी आजच्या वाऱ्यावर विसंबू नकोस. उद्याचा आकडा विचार आणि शंका आली की होडी वर घे.

वहिनींना नमस्कार. नवा बेदाणा निघाला की पाठवतो.

तुझा,
अविनाश