सातबाऱ्यावरचा अ.पा.क. आणि गलतीकरांस पत्राचा चौथा अध्याय

अंकारा

प्रिय दादा आणि वहिनी,

प्रभूच्या नावात सलाम. आई-बाबांनाही सांगा.

दादा, तरुण संघातली पोरं ‘वारस बाळ असताना दासाहून वेगळा नाही’ या वाक्यावर अडतात, असं तू लिहिलंस. अडणारच. आपण वाचायला चौथ्या अध्यायापासून घेतो, आणि गलतियातल्या, म्हणजे इथल्या अंकाराभोवतीच्या तेव्हाच्या रोमी प्रांतातल्या, मंडळ्यांना लिहिताना पौलाचा मुद्दा तिसऱ्याच्या २३व्या वचनापासून सुरू झालेला असतो. या वेळी ३:२३ ते ४:११ सलग वाचून घे.

तिथे पौल नियमशास्त्राला, म्हणजे मोशेच्या आज्ञांना, आधी बालरक्षक म्हणतो. ‘नियमशास्त्र आपला शिक्षक होता’ असं उपदेशात सर्रास ऐकू येतं, ते सोडून दे. बालरक्षक घरातलाच एक दास असे. पोराला शाळेत न्यायचं, परत आणायचं, रस्त्यात वागणुकीवर नजर ठेवायची, वेळेला छडीही उगारायची. धडा शिकवणारा वेगळा. पोरगा मोठा झाला की याचं काम संपलं.

मग पालक आणि कारभारी. रोमी कायद्यात बाप मृत्युपत्रात मुलासाठी पालक नेमून ठेवी. नेमला नसेल तर बापाकडचा जवळचा नातलग, तोही नसेल तर अधिकारी नेमून देई. मुलगा १४ वर्षांचा होईपर्यंत हे चाले. पुढेही २५ वर्षांपर्यंत त्याला कोणी फसवू नये म्हणून कायद्याचं संरक्षण होतंच. फायद्याचा व्यवहार, म्हणजे कोणी काही बक्षीस दिलं तर घेणं, त्याला एकट्याला चाले. विकायचं, कर्ज काढायचं, तर पालक तिथे हजर राहून त्याच वेळी ‘हो’ म्हणायला हवा. मागाहून पत्राने दिलेली संमती धरली जात नसे. रोजचा पैसा कारभाऱ्याच्या हातात, आणि कारभारी पुष्कळदा स्वतःच दास. म्हणजे ज्याचं सगळं आहे, तोच खर्चाला दासापुढे हात पसरतो. पौलाचं वाक्य इतकं रोखठोक आहे.

पोरांना हे दाखवायला घरचा जुना सातबारा ने. मालकाच्या रकान्यात मुलाचं नाव, पुढे ‘अ.पा.क. आई अमुक’. अज्ञान पालनकर्ता. जमीन मुलाची, सही आईची. कोर्टाने नेमलेला पालक असेल तर १८९०च्या पालक व पाल्य कायद्याप्रमाणे त्याला कोर्टाच्या परवानगीशिवाय ती विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही, पाच वर्षांच्या वर भाडेपट्ट्यानेही देता येत नाही. मुलगा १८ वर्षांचा झाला की कायद्याने त्या दिवशी सज्ञान. शेरा मात्र आपोआप निघत नाही. वयाचा दाखला जोडून तलाठ्याकडे किंवा ई-हक्कवर अर्ज करायचा, फेरफार धरला जातो, नोटिशीची मुदत जाते, मग मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतो. कितीतरी जण अर्जच करत नाहीत. चाळिशीचा माणूस बँकेत कर्जाला जातो आणि उताऱ्यावर अजून अज्ञान निघतो! गलतीकरांचं नेमकं हेच झालं होतं. मुदत भरली होती, देवाचा पुत्र येशू आला होता, आणि हे पुन्हा नियमशास्त्राकडे वळून दिवस, महिने, सणांचे काळ मोजत बसले होते (४:१०).

पोरांचा एक गैरसमज इथेच काढ. पुष्कळ प्रार्थना केली, उपास केले की आपण ‘प्रौढ’ होतो आणि मग मोकळीक मिळते, असं त्यांना वाटतं. वचनात मुदत बापाने ठरवलेली आहे, बाळाने कमावलेली नाही. रोमी कायद्यात ते वय कायदा ठरवी, बाप नव्हे; म्हणून पौलापुढे इथली स्थानिक रीत असावी का, यावर अभ्यासक वाद घालतात. गायस नावाच्या रोमी कायदेपंडिताने सुमारे इ.स. १६०मध्ये मुद्दाम नोंदवलंय की मुलं बापाच्या सत्तेत असतात असं गलती लोकही मानतात. संघात या वादात शिरू नकोस.

दाखला ताणूही नकोस. यात बाप म्हणजे देव, तो मेलेला नाही. शिवाय पौल पाचव्या वचनात अज्ञान वारसावरून एकदम दत्तकावर जातो, कारण परराष्ट्रीय, म्हणजे यहुदी नसलेले, घरातली लहान मुलं नव्हतेच, बाहेरचे दास होते. हे इथल्या लोकांना लगेच कळलं असणार. अंकारातल्या रोमी सम्राट ऑगस्टसच्या मंदिराच्या भिंतींवर त्याची कारकीर्द लॅटिन आणि ग्रीकमध्ये कोरलेली आहे. तिची लॅटिन प्रत पिसिदियातल्या अंत्युखियातही सापडली. त्यात तो गायस (वरचा कायदेपंडित नव्हे) आणि लूकियस यांना ‘माझे पुत्र’ म्हणतो. होते लेकीचे मुलगे, त्याने दत्तक घेतलेले. पंधराव्या वर्षी त्यांना कॉन्सल या रोमच्या सर्वोच्च पदावर नेमलं, पण पद हाती पाच वर्षांनी यायचं होतं, असंही तिथेच लिहिलंय.

आपल्या समाजाला पालक आणि बाप यांतला फरक वेगळा समजवावा लागू नये. १९५६चा दत्तक कायदा हिंदूंचा. ख्रिस्ती जोडप्याने मूल घरी आणलं तरी कित्येक वर्षं कोर्टातून पालकत्वच मिळे; ते मूल पाल्य राही, वारस नव्हे. बाल न्याय कायद्याने ती वाट खुली केली, आणि २०१५च्या कायद्यात दत्तक मूल पोटच्या मुलासारखंच धरलंय. जुन्या कुटुंबांत याचे चटके बसलेले लोक आहेत, तेव्हा बोलताना जपून.

वहिनी, हे तुमच्या महिला मंडळासाठी. ‘पुत्र’ हा शब्द ऐकून बायका नाराज होतात. पण रोमी बाई मोठी झाली, बाप वारला, तरी तिच्यावर पालक राहीच. मृत्युपत्र करायचं तरी त्याची संमती लागे. ऑगस्टसच्या कायद्याने तीन मुलं झालेल्या स्वतंत्र स्त्रीला त्यातून सोडवलं, दासीपणातून सुटलेलीला चार लागत. ‘स्त्री व पुरुष हा भेद नाही’ (३:२८) म्हटल्यावर पौल त्या बायकांनाही पुत्र आणि वारस म्हणतो, आणि मुलं किती झाली हे विचारत नाही. हा भाग घाईने उरकू नका.

‘मग दहा आज्ञा गेल्या का?’ हा प्रश्न दादा, तुला येणारच. उत्तर ५:१३–१४मध्ये आहे: मोकळीक देहवासनांना वाव द्यायला नाही, प्रीतीने एकमेकांची सेवा करायला. अज्ञान असताना व्यवहार बुडाला तर जाब पालकाला, सज्ञान झाल्यावर तुम्हालाच. आपल्याकडे दोन टोकं दिसतात. एक, सिनेमा पाहू का इथपासून सगळं पाळकसाहेबांना विचारणारे. दुसरे, कोणालाच हिशेब न देणारे. मला पहिल्यांची जास्त काळजी वाटते, कारण मंडळीत त्यांचं कौतुक होतं.

हागार आणि सारेचा भाग (४:२१ पासून) याच रविवारी घेऊ नकोस. त्याला उत्पत्तीचे १६ आणि २१ हे अध्याय आधी वाचावे लागतात, आणि तासाभरात दोन्ही बसत नाही.

तुझी धाकटी बहीण