डागी आंबा आणि आईस्क्रीमचा पॉट

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत घरच्या आंबा आईस्क्रीमची कृती आली होती. एक वाटी रस, कंडेन्स्ड मिल्कचा डबा, क्रीम, चार थेंब मँगो इसेन्स आणि चिमूटभर पिवळा रंग. रत्नागिरीत मे महिन्यात हापूसला इसेन्स लावायचा म्हणजे भर पावसात अंगणात सडा घालण्यासारखं आहे. तरीही मी गप्प बसले असते. पण पुढे ‘टणक, डाग नसलेले आंबे निवडून घ्या’ आणि ‘रस उकळत्या दुधात घालून ढवळा’ असंही लिहिलंय. या दोन वाक्यांपायी हे पत्र.

आईस्क्रीमला टणक आंबा चालतच नाही. गार पदार्थाची गोडी आणि वास जिभेला कमीच कळतो. ताटात जो आंबा ‘जरा जास्तच झाला’ म्हणून आपण बाजूला सारतो, तोच पॉटात गेल्यावर बरोबर लागतो. आमच्याकडे अढीतला पहिला आंबा देवाला, मग मुंबईच्या पेट्या, मग घरचं खाणं, आणि शेवटी देठाशी सुरकुतलेले, एका बाजूने डागलेले उरतात ते आईस्क्रीमला. डाग सुरीने खोल काढायचा. आत साका, म्हणजे पांढरट, स्पंजासारखा न पिकलेला गर, निघाला तर तो भाग टाकायचा, आंबूस वास आला तर आंबाच टाकायचा, तिथे कंजूषपणा नको. बाकी रस चाळणीतून काढून गार करत ठेवायचा. बाठे चोखायला मुलं असतातच.

दुसरं उकळत्या दुधाचं. आंबा कितीही गोड असला तरी त्यात आंबटपणा असतो. तापल्या दुधात रस ओतला की दूध फुटायची भीती, आणि नाही फुटलं तरी ताज्या आंब्याचा वास वाफेबरोबर जातो. मी दोन लिटर म्हशीचं दूध सव्वा लिटरपर्यंत आटवते. दूध आटवायचं कारण नुसती चव नव्हे. दुधात आणि फळात जितकं पाणी जास्त, तितके आईस्क्रीममध्ये बर्फाचे खडे जास्त. साखर दूध गरम असतानाच घालते, चाखून नेहमीपेक्षा थोडी जास्त. मग दूध पूर्ण गार होऊ देते, रात्रभर फ्रिजमध्ये ठेवते आणि सकाळी रस घालते. दहा-बारा आंबे लागतात. जी. एम. एस., सी. एम. सी. या आईस्क्रीम मऊ आणि घट्ट राहावं म्हणून घालायच्या पावडरी माझ्या जावेच्या घरी असतात; तिचं आईस्क्रीम दिसायला माझ्याहून देखणं होतं हे कबूल.

आमचा पॉट सासऱ्यांनी 1962 साली मुंबईहून बोटीने आणला. मी 1979 साली या घरात आले तेव्हा माझ्याआधी सतरा वर्षं तो इथे नांदत होता. लाकडी बादली, आत पत्र्याचा उभा डबा, डब्यात लाकडी पंखा, वर दातेरी चाकं आणि हँडल. असला हाताने फिरवायचा पॉट म्हणे अमेरिकेत नॅन्सी जॉन्सन नावाच्या बाईंनी 1843 साली पेटंट केला. नातीने हे मोबाईलवर शोधून दिलं आणि वर म्हणाली, ‘आजी, बाईनेच काढला, बघ, आणि फिरवायला लावलं काकाला.’

बर्फ आणायचा मिरकरवाड्याच्या मासळी बंदराकडून. 1 जूनला यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद झाली की बर्फवाला फुरसतीत असतो, लादी फोडूनही देतो. आमची शेवटची अढी साधारण त्याच सुमारास संपते. मासळीचा बर्फ आईस्क्रीमला कसा, असं शहरातल्या पाहुण्यांना वाटतं. खाण्याचा नसलेला बर्फ निळा करायचा असा नियम राज्यात 2018 पासून आहे, त्यामुळे तो निळसर बर्फ बघून त्यांची तोंडं बघण्यासारखी होतात. पण तो बर्फ डब्याच्या बाहेर राहतो, आईस्क्रीमला शिवतसुद्धा नाही. गोणपाटात घालून वरवंट्याने ठेचायचा, मग एक थर बर्फ, एक मूठ जाडं मीठ, पुन्हा बर्फ. चार किलोला एक किलो मीठ धरा. नुसता बर्फ वितळतो तो शून्य अंशाला. मीठ पडलं की तो शून्याच्या खालीही वितळत राहतो, आणि वितळायला लागणारी उष्णता डब्यातल्या दुधातून ओढून घेतो. मिठाच्या पाण्यात पारा उणे 21 पर्यंत उतरू शकतो. म्हणून त्यात बोट घालू नये. आमच्या दिरांनी पैजेवर घातलं होतं.

हँडल फिरवणारा एक आणि पॉट हलू नये म्हणून घडी घातलेलं गोणपाट टाकून वर बसणारा एक. बसायला मुलांची मारामारी, फिरवायला कुणी नाही. सुरुवातीला हलकं फिरतं, अर्ध्या-पाऊण तासाने जड होतं, मग गडी माणसालाही दोन हात लावावे लागतात, तेव्हा थांबायचं. फिरवण्याने खडे बारीक राहतात आणि थोडी हवा मिसळते, हेच सगळं गुपित आहे.

बादलीला वरच्या अंगाला एक भोक असतं, खारं पाणी चढलं तर तिथून वाहून जावं म्हणून. 1984 च्या मे महिन्यात ते भोक लाकडाच्या कपचीने बुजलं होतं आणि माझ्या ध्यानात आलं नाही. पाणी झाकणाखालून डब्यात शिरलं. त्या दिवशी सासूबाईंच्या माहेरची माणसं जेवायला होती. सगळ्यांनी खाल्लं. कुणी चकार शब्द काढला नाही. आत्त्याबाईंनी तर पुन्हा वाढून घेतलं. शेवटी मी माझी वाटी तोंडाला लावली तेव्हा कळलं. आजही घरात कुणी भाजीत मीठ जास्त घातलं की ‘आईस्क्रीम झालंय’ म्हणतात.

बाकी फळांचं थोडक्यात. सीताफळाचा गर कधीही तापवू नका, कडवट होतो. बिया काढून थेट गार दुधात. अननस उलटा, तो आधी साखरेत शिजवलाच पाहिजे, कारण कच्च्या अननसाने दूध कडू होतं. फणस घ्यायचा तो बरका, काप्याचे गरे दाताखाली चामड्यासारखे येतात. कलिंगडाच्या वाटेला जाऊ नये, सगळं पाणी.

ज्यांच्याकडे पॉट नाही त्यांनी मिश्रण स्टीलच्या पसरट डब्यात फ्रीझरमध्ये ठेवावं, कडा धरल्या की मिक्सरमधून फिरवून पुन्हा ठेवावं, असं दोनदा. पॉटासारखं होत नाही, पण इसेन्सवाल्यापेक्षा नक्कीच बरं.

आता माझी एक अडचण. यंदा आमच्या पॉटाच्या लहान चाकाचे तीन दाते झिजून गेले. हँडल फिरतं, पंखा जागच्या जागी. लेथवाल्याकडे नेलं तर तो म्हणाला, ‘काकू, हे बिडाचं आहे, एका नगासाठी ओतकाम कोण करणार? विजेचा घ्या.’ आपल्या वाचकांपैकी कुणाच्या माळ्यावर असा जुना पॉट बादली फुटून पडला असेल आणि वरची चाकं शाबूत असतील, तर त्यांनी कृपया आपल्या कार्यालयात कळवावं. योग्य ती किंमत देईन. आढीत अजून दोन डझन आहेत आणि त्यांना फार दिवस नाहीत.

आपली,
एक वाचक, रत्नागिरी